भोक, टोक आणि पोट

वही-पेन घेतलंत का? मग पानभर मोठ्ठा आकडा लिहा : ४२१३०२. मराठीत हं!

हा वडपे गावाचा पिनकोड. वडपे आहे ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात, मुंबई-नाशिक महामार्गावर. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच तालुक्यात आमणे इथे येऊन थांबतो. भिवंडी म्हटलं की मोठ्यांना दोन गोष्टी आठवतात : यंत्रमागांची खटखट आणि गोदामंच गोदामं. तुमच्या घरी आलेलं एखादं पार्सलही कदाचित वडप्यावरून पुढे आलं असेल.

आता एक खेळ. लिहिलेल्या प्रत्येक अंकात भोक आहे का बघा. भोक म्हणजे चहूबाजूंनी रेघेने बंद झालेली जागा.

४ मध्ये आहे, खाली. २ मध्ये नाही. १ मध्ये आहे, वर. ३ मध्ये नाही. ० म्हणजे तर नुसतं भोकच! पुन्हा २, नाही.

आहे, नाही, आहे, नाही, आहे, नाही. वडप्याचा पिनकोड असा ताल धरून बसलाय हे पोस्टमनकाकांच्याही लक्षात आलं नसेल.

पण ४, १ आणि ० या तिघांतही भोक आहे. मग ते वेगळे कसे ओळखायचे? आता मोकळी टोकं मोजा. रेघ कुठेच न चिकटता संपते ते मोकळं टोक. ० ला एकही टोक नाही. १ ला एक, खाली लोंबणारी शेपटी. ४ ला दोन, आकाशाकडे वर केलेले दोन हात. शून्य, एक, दोन! झाली की नाही वाटणी?

राहिले २ आणि ३. दोघांना भोक नाही आणि टोकं दोन-दोन. मग पोट बघा, म्हणजे रेघेचा बाहेर आलेला गोल फुगवटा. २ ला एक पोट, ३ ला दोन.

म्हणजे भोक, टोक आणि पोट एवढ्या तीन खुणांवर आपण अख्खा पिनकोड ओळखला. ‘हे चित्र कसलं आहे?’ हा अवघड प्रश्न सोडून आपण ‘भोकं किती, टोकं किती, पोटं किती?’ असे सोपे प्रश्न विचारले. चित्रातून अशा कामाच्या खुणा वेचून काढणं ही यंत्राला ओळखायला शिकवण्याची पहिली पायरी. शास्त्रज्ञ या खुणांना ‘वैशिष्ट्यं’ म्हणतात. आपण खुणाच म्हणू या.

यंत्राला भोक दिसतं कसं?

तुम्हाला ४ दिसला की लगेच कळतं. यंत्राला मात्र दिसतात फक्त संख्या. कॅमेरा चित्राचे बारीक चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनाला उजेडाचे गुण देतो. अगदी काळ्याला ०, अगदी पांढऱ्याला २५५. समजा एका ओळीतले सहा चौकोन असे आले :

२४०, २३८, २४१, ३५, ३०, २३९

कुठेही ‘रेघ’ असं लिहिलेलं नाही. पण शेजारशेजारच्या संख्यांतला फरक काढा : २, ३, २०६, ५, २०९. दोन ठिकाणी केवढी उडी! पहिल्या उडीला कागद संपून शाई लागली, दुसऱ्या उडीला शाई संपून परत कागद लागला. म्हणजे मध्ये रेघ आहे. नुसत्या वजाबाकीने रेघेच्या दोन्ही कडा सापडल्या.

भोक शोधायची युक्ती आणखी मजेची आहे. समजा अंकाची रेघ म्हणजे बांध. कागदाच्या चारी कडांकडून आत रंगीत पाणी सोडायचं. पाणी पसरत जाईल, पण बांध ओलांडणार नाही. शेवटी जी पांढरी जागा कोरडी राहील, ते भोक! यंत्र खरोखर असंच करतं, फक्त पाण्याऐवजी एकेका चौकोनावर ‘इथे पोचलो’ अशी खूण करत जातं.

आणि टोक? आधी जाड रेघ दोन्ही बाजूंनी तासत आणायची, एका चौकोनाएवढी बारीक होईपर्यंत. मग रेघेच्या प्रत्येक चौकोनाला विचारायचं, ‘तुला रेघेतले शेजारी किती?’ मधल्यांना दोन शेजारी असतात. ज्याला एकच शेजारी, तो टोकाचा.

पण आजीचा १?

इथवर सगळं झकास. छापील अंकांत अशा खुणा पटापट सापडतात. पण पत्ता लिहिते तुमची आजी. तिच्या १ चं भोक घाईत बंदच होत नाही. दादाचा ४ लिहिताना दोन्ही हात वर जाऊन एकमेकांना चिकटतात. बाबांचं पेन मध्येच शाई सोडतं आणि ३ चे दोन तुकडे होतात. मग भोक, टोक, पोट सगळ्यांचा गोंधळ! एकेका हस्ताक्षरासाठी नवा नियम करत बसलो, तर नियमांची वही संपेल पण हस्ताक्षरं संपणार नाहीत.

मग काही शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. खुणा आपण सांगायच्याच कशाला? यंत्रालाच शोधू देत की!

अमेरिकेत बफेलो नावाचं शहर आहे. तिथल्या टपालातल्या पत्रांवर लोकांनी हाताने लिहिलेले पिनकोडचे ९,२९८ अंक गोळा झाले होते. यान लकून आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८९ साली ते वापरले. प्रत्येक अंकाचं चित्र आडवे १६, उभे १६ अशा २५६ चौकोनांचं केलं. त्यातले ७,२९१ अंक यंत्राला अभ्यासाला दिले आणि २,००७ परीक्षेसाठी लपवून ठेवले. पेपर फुटला तर परीक्षेत मजा काय!

यंत्राचा अभ्यास कसा चालतो? तंबोरा जुळवताना पाहिलाय? गवई तार छेडतात, कान देतात, खुंटी किंचित पिळतात, पुन्हा छेडतात. सूर जवळ आला की आणखी हलक्या हाताने. यंत्रात अशा हजारो खुंट्या असतात. प्रत्येक खुंटी म्हणजे एक संख्या : कुठल्या खुणेला किती किंमत द्यायची ते सांगणारी. सुरुवातीला सगळ्या कशाही पिळलेल्या. यंत्राला सात दाखवला तर ते बिनधास्त ‘तीन’ म्हणतं. मग उत्तर किती चुकलं याचं गणित होतं आणि ती चूक थोडीशी कमी होईल अशा बेताने सगळ्या खुंट्या केसभर फिरवल्या जातात. पुढचा अंक. पुन्हा चूक, पुन्हा खुंट्या. ७,२९१ अंक संपले की परत पहिल्यापासून! शेवटी शेवटी यंत्र सुरात येऊ लागतं. याचंच नाव यंत्रशिक्षण.

परीक्षेत काय झालं? न पाहिलेल्या अंकांत शंभरातले साधारण पाच चुकले. पण मला त्यापुढची गोष्ट जास्त आवडते. ज्या अंकांबद्दल यंत्राची खात्री नाही, ते त्याने बाजूला ठेवायचे असं ठरवलं. शंभरातले सुमारे बारा अंक बाजूला गेले आणि उरलेल्यांत चूक शंभरात एकावर आली! बाजूला काढलेले अंक माणसाने वाचायचे. ‘हे मला येत नाही’ असं वेळेवर सांगणं ही पण हुशारीच, नाही का?

मांजरीच्या डोक्यात

यंत्र आधी कडा शोधतं, मग कडांतून आकार जुळवतं. ही वाट आपल्या मेंदूच्या वाटेशी पुष्कळ मिळतीजुळती आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोघे शास्त्रज्ञ मांजरीच्या मेंदूतल्या, दृष्टीचं काम करणाऱ्या एकेका पेशीची तपासणी करत होते. पडद्यावर ठिपके दाखवले, पण पेशी ढिम्म. एकदा ठिपक्याची काच पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या यंत्रात सरकवताना तिच्या कडेची सावली पडद्यावरून सरकली आणि पेशी एकदम तडतडू लागली! तिला ठिपका नको होता, तिरकी कड हवी होती. हे संशोधन १९५९ साली प्रसिद्ध झालं आणि १९८१ साली दोघांना नोबेल मिळालं.

पार्सल चाललं झारखंडला!

आता आपल्याकडची खरी गंमत. पानावरचा ४२१३०२ परत बघा, पण इंग्रजी अंक समजून.

मराठी १ हुबेहूब इंग्रजी नऊसारखा! भोक वर, शेपटी खाली. भोक एक, टोक एक. आपल्या खुणा इथे सपशेल आपटल्या. मराठी ४ चे हात चिकटले की तो इंग्रजी आठ. आणि २, ३, ० तर दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. म्हणजे फक्त इंग्रजी शिकलेलं यंत्र वाचेल : आठ, दोन, नऊ, तीन, शून्य, दोन. आठने सुरू होणारे पिनकोड बिहार आणि झारखंडचे. वडप्याचं पार्सल निघालं झारखंडला!

यंत्राला इथे ‘ढ’ म्हणू नका. त्याने आयुष्यात मराठी १ पाहिलेलाच नाही. जे दाखवाल, तेवढंच ते शिकणार.

म्हणून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या उज्ज्वल भट्टाचार्य आणि बी. बी. चौधरी यांनी आपल्या लिप्यांतले हस्तलिखित अंक जमवले. देवनागरीचे किती? १,०४९ माणसांनी लिहिलेले २२,५५६! त्यातले काही थेट टपालातल्या पत्रांवरचे, काही नोकरीच्या अर्जांवरचे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात आणखी एक कोडं होतं : आपल्याकडे एकाच पिनकोडात लोक काही अंक देवनागरी आणि काही इंग्रजी लिहून मोकळे होतात. अशा खिचडीत एकट्या अंकाकडे टक लावून भागत नाही, शेजारचे अंकही पाहावे लागतात. शेजारी खणखणीत मराठी ५ असेल, तर हाही बहुधा मराठी १ च.

आणि ही सहा अंकांची पद्धत सुरू कोणी केली माहीत आहे? आपल्याच कोकणातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे लेखक. देशात एकाच नावाची गावं अनेक आणि पत्ते लिहायच्या लिप्याही अनेक, म्हणून त्यांनी ही युक्ती काढली. १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो : ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. दुसरा उपविभाग, तिसरा टपाल वाटणीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक नेमकं पोस्ट. त्यामुळे पत्त्यात ‘जि. ठाणे’ आणि पिनकोड झारखंडचा दिसला, की काहीतरी चुकलं हे लगेच कळतं. खुणेला खूण ताडून बघायची!

कलिंगडाची टिचकी

खुणा फक्त डोळ्यांनाच लागतात असं नाही बरं का. बाजारात कलिंगडवाले मामा कलिंगडावर टिचकी मारतात आणि सांगतात, ‘हे घ्या, पिकलंय.’ आत न बघता! त्यांचा कान आवाजातल्या खुणा टिपतो : आवाज जाड की बारीक, घुमतो की लगेच विरतो.

यंत्रही असंच करतं. आवाजाचं मोजमाप ते सेकंदात हजारो वेळा घेतं. गाण्याच्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा! मग त्या संख्यांमधून जाड स्वर किती, बारीक स्वर किती हे वेगळं काढतं आणि कुठला स्वर केव्हा होता याचं चक्क चित्र बनवतं. आवाजाचं चित्र झालं की पुढे तीच जुनी वाट : कडा, खुणा, खुंट्या. फोनला बोललेलं कळतं ते याच वाटेने.

पुन्हा अंकांकडे येऊन एक वाह्यात युक्तीही सांगतो. गाडीच्या पाटीवर इंग्रजी २१४ असा वळवून लिहितात की ‘राम’ वाचावं. ८०५५ चा होतो ‘बॉस’. आपण हसतो, पण पाटी वाचणारा कॅमेरा गोंधळतो. तसंही नियमाने अंक साधेच लिहायचे असतात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सगळीकडे एकसारख्या अक्षरांच्या पाट्या सक्तीच्या झाल्या. खुणा स्वच्छ, तर ओळख पक्की.

आता तुमचं काम

घरातल्या, शेजारच्या आणि वर्गातल्या मिळून दहा जणांकडून मराठी ० ते ९ लिहून घ्या. का ते आधी सांगू नका, नाहीतर सगळे सुवाच्य लिहितील! मग तक्ता करा : प्रत्येक अंकाची भोकं किती, टोकं किती, पोटं किती. तक्त्यावरून दुसऱ्या मित्राला अंक ओळखायला सांगा, पण मूळ कागद दाखवायचा नाही. कुठला अंक सगळ्यांत जास्त फसवतो? माझ्या मते १ आणि ९ यांची चुरस होईल. तुमच्या तक्त्यात दुसराच कोणी जिंकला, तर आम्हाला पत्र पाठवून नक्की कळवा.

आणि पाकिटावरचा पिनकोड जरा नीट लिहा हं. १ चं भोक बंद करा, ४ चे हात मोकळे ठेवा!