आधी बेत, मग कात्री
दिवेलागणीनंतरच्या शिवणवर्गाविषयी चार गोष्टी

वाचकहो, रायपूर शहराच्या जुन्या वस्तीत तात्यापारा नावाचा एक मोहल्ला आहे. ‘तात्या’ हे आपले घरोघरचे मराठी संबोधन. ‘पारा’ म्हणजे छत्तीसगडी बोलीतील आळी. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता या मुलखावर आली, १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूर येथे राहून कारभार पाहू लागले, आणि तेव्हापासून मराठी कुटुंबे छत्तीसगडात स्थिरावत गेली. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ मध्ये स्थापन झाले. हा शेजार किती जुना आहे, याची साक्ष कपड्यांची नावेही देतात. आपल्या आजीच्या लुगड्याला येथील शेजारीण लुगरा म्हणते, आणि पोलक्याला पोलखा. नावे अशी जुळलेली, मग त्या कपड्यांची गोष्ट तात्यापाऱ्यापासून सुरू करण्यास काय हरकत आहे?

या आळीत असो, अथवा आपण राहता त्या गावी असो, संध्याकाळचे दृश्य सारखेच असते. देवापाशी दिवा लागतो, मुले दप्तरे उघडतात, चुलीवर भात चढतो. आणि याच वेळी घरातील एखादी सून वा लेक पिशवीत टेप, खडू व कात्री घालून शिवणवर्गास निघू पाहते. दिवसा तिला सवड नसते. कोणी दुकानात काम करते, कोणी शाळेत, कोणाच्या कडेवर लहान मूल असते. संध्याकाळचे दोन तास एवढीच तिची पुंजी. ती पुंजी कारणी लागावी कशी, हा आजचा प्रश्न आहे.

प्रश्न पोकळ नाही. सहा महिने वर्गास जाऊन, फी भरून, प्रमाणपत्र घेऊन पुष्कळ भगिनी घरी येतात, ते प्रमाणपत्र ट्रंकेत जाते, आणि हाती उरते ते साड्यांना फॉल लावण्याचे व पिकोचे काम. त्या कामात कमीपणा मुळीच नाही. परंतु त्याचा दर ठरलेला, आणि तोही थोडा. शेजारची बाई पोलक्याचे कापड घेऊन आली की ‘कटिंग मला जमत नाही’ असे सांगून तिला परत पाठवावे लागते. यंत्र चालवता येते, पण कापडाला कात्री लावण्याचा धीर होत नाही. येथेच सारे अडते.

आपल्या भाषेत कापणीसाठी एक नेमका शब्द आहे: बेतणे. कापड अंगाच्या मापाने बेततात. ‘बेत’ म्हणजे योजना. अर्थात कात्री लागण्यापूर्वी सारे काही मनात आणि कागदावर ठरलेले असावे, ही जाण त्या शब्दातच आहे. जो वर्ग बेतायला शिकवतो तो धंदा देतो. जो केवळ टीप मारायला शिकवतो तो दुसऱ्याने कापलेले शिवण्याची मजुरी देतो.

शिकणाराची वेळ, ती शाळेची वेळ

संध्याकाळच्या शिक्षणाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात आपल्या राहत्या घरी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवसा ज्यांना राबावे लागते त्यांना दिवसाची शाळा नसल्यासारखीच. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे व गो. कृ. देवधर यांच्या पुढाकाराने पुण्यास सेवासदन उभे राहिले. तेथे प्रौढ स्त्रियांचे वर्ग घरकाम आटोपल्यानंतर दुपारी भरत, आणि अक्षरओळखीबरोबर शिवणकामही शिकवले जाई. रायपुरातही मुलींच्या शिक्षणाचा मराठी माणसाशी संबंध आहे: ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक १९०० मध्ये सुरू करणारे माधवराव सप्रे यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथे जानकीदेवी पाठशाळा काढली. मुंबईत १९६७ मध्ये कामगारांसाठी देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. त्याच धर्तीच्या संस्था आज ‘जन शिक्षण संस्थान’ या नावाने निरनिराळ्या राज्यांत कौशल्ये शिकवतात.

या सर्वांनी एक गोष्ट ओळखली होती. शिकणाराला जेव्हा सवड मिळते, तीच शाळेची खरी वेळ. यास्तव संध्याकाळचा वर्ग म्हणजे दिवसाच्या वर्गाची कमअस्सल नक्कल, असे कोणी समजू नये.

प्रथम कापडाची ओळख

चांगल्या वर्गात पहिल्या आठवड्यात यंत्राला हातही लागत नाही. प्रथम कापड ओळखायला शिकवतात. हे ज्ञान घरबसल्या पडताळून पाहण्याजोगे आहे, म्हणून दोन प्रयोग सांगतो.

नव्या सुती कापडाचा १० इंच लांब, १० इंच रुंद असा चौकोन कापून घ्या. तो धुऊन वाळवा, इस्त्री करा व पुन्हा मोजा. उभ्या बाजूने तो साडेनऊ इंच भरला, तर कापड शेकडा ५ आटले. याच कापडाचा ४० इंच लांबीचा झगा न धुता बेतला, तर पहिल्याच धुण्यात तो २ इंचांनी आखूड होईल, आणि गिऱ्हाईक दोष शिवणारणीला देईल. कापड आधी भिजवून घेण्याचा जुन्या शिंप्यांचा रिवाज याच अनुभवातून आला आहे.

दुसरा प्रयोग धाग्याचा. कापडाच्या कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरा आणि पाण्याची वाटी जवळ ठेवून पेटवा. सूत कागदासारखे जळते व मऊ राखाडी राख सोडते. रेशमास जळत्या केसांसारखा वास येतो, आणि उरलेला काळा मणी बोटांनी चुरडतो. पॉलिएस्टर वितळते व त्याचा कडक मणी बनतो, तो चुरडत नाही. बाजारात ‘रेशीम’ म्हणून काय विकले जात आहे, हे अशा चार धाग्यांवरून उमगते.

छत्तीसगडातील विद्यार्थिनींस ही ओळख विशेष मोलाची आहे. कारण कोसा हे येथले आपले वस्त्र. ऐन, अर्जुन, साल या झाडांची पाने खाऊन जंगलात वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून हे टसर जातीचे रेशीम निघते. चांपा, कोरबा, रायगड या भागांत ते विणले जाते. विणकरांत देवांगन समाजाचे नाव प्रथम घेतात. चांपा येथे हातमाग तंत्रज्ञानाचे शिक्षण देणारी संस्थाही आहे. कोशाचा धागा काढताना स्त्रिया तो मांडीवर वळत असत, त्याने कातडी सोलवटे. ते कष्ट वाचवण्यासाठी केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचे यंत्र पुढे आणले. इतक्या हातांतून आलेल्या कापडाला कात्री लावताना शिवणारणीने त्याचा स्वभाव जाणला पाहिजे. विरळ विणीच्या कोशाचे धागे शिवणीपाशी सरकतात; म्हणून त्यास बारीक सुई, हलकी इस्त्री, आतून अस्तर व नेहमीपेक्षा अधिक माया लागते.

माया आणि माप

‘माया’ हाही शिंपीकामातला आपला गोड शब्द. शिवणीच्या आत राखून ठेवलेले जादा कापड म्हणजे माया. मुलगी वाढली, अंग भरले, तर तीच माया उसवून कपडा सैल करता येतो. कापड वाचवण्याच्या भरात माया कमी ठेवणे ही खोटी काटकसर होय.

मापाचे शास्त्र कठीण नाही, मात्र सराव मागते. छाती ३६ इंच असेल, तर तिचा चौथा भाग ९ इंच; त्यावर अंगाला हवा तेवढा सैलपणा आणि शिवणीची माया मिळवून पोलक्याच्या पाठीचा अर्धा भाग आखला जातो. मुंढा, खांदा, बाही, गळा यांचे असेच हिशेब असतात. हे आराखडे आधी जुन्या वर्तमानपत्रांवर काढावेत. कागद बिघडला तर रद्दीत जाईल. कापड बिघडले तर मन खचते. आराखडा कापडावर मांडताना त्याची उभी रेघ कापडाच्या काठाला समांतर ठेवावी. कापड उभे ओढून पाहा, ते फारसे ताणत नाही. तिरके ओढा, ते सर्वाधिक ताणते. बाही पिळल्यासारखी का दिसते याचे उत्तर बहुधा या रेघेत सापडते.

हे पक्के झाले की मग वेशभूषेची रचना, ज्याला आज सर्वत्र फॅशन डिझाइन म्हणतात, ती शिकावी. रचना म्हणजे चित्रातील पोशाखाची उतारी नव्हे. समोरच्या व्यक्तीचे वय, बांधा, काम, हवामान आणि खिसा पाहून तिला काय शोभेल व काय टिकेल हे ठरवणे, हीच रचना. रायपूरच्या उन्हाळ्यात अस्तराचे, बंद गळ्याचे पोलके सुचवणारी शिवणारीण कितीही कुशल असली, तरी तिने गिऱ्हाईक ओळखले नाही असेच म्हणावे लागेल.

मजुरीचा हिशेब

आणखी एक विषय वर्गात शिकवलाच पाहिजे, तो म्हणजे हिशेब. समजा, एका पोलक्यास कापणीला अर्धा तास, शिलाईला दीड तास आणि हुक व हातशिलाईला अर्धा तास लागला. एकूण अडीच तास झाले. अस्तर, दोरा व हुक यांचे ४० रुपये, वीज व यंत्राची झीज १० रुपये. तासाला ६० रुपये मेहनताना धरला, तर १५० रुपये. मिळून किंमत २०० रुपये. शेजारधर्म म्हणून १५० घेतले, तर खर्च वजा जाता हाती १०० उरतात, म्हणजे तासाला ४० रुपयेच पडतात. सवलत द्यावी, पण आपण काय देत आहोत हे जाणून द्यावी.

राजनांदगावची जुनी कापडगिरणी येथून सुमारे सत्तर किलोमीटरांवर. तिचे मच्छरदाणीचे कापड प्रसिद्ध होते. १९२० मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली तेथील कामगारांनी दीर्घ संप केला होता. ती गिरणी आज बंद आहे. गिरणीचे दार बंद झाले की गिरणीचे काम संपते. हाताला आलेली बेतण्याची विद्या मात्र माणसाबरोबर कोठेही जाते.

ज्यांना दिवसा सवड आहे त्यांच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिवणतंत्र व फॅशन डिझाइन यांचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत ज्या १८ व्यवसायांचा समावेश झाला, त्यांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि तारणाविना कर्ज अशी तिची आखणी होती. आपल्या भागातील सध्याची स्थिती सेवा केंद्रात विचारून घ्यावी.

वर्ग निवडताना चार प्रश्न अवश्य विचारा. प्रत्येक विद्यार्थिनी स्वतःच्या हाताने किती कपडे कापते? कापडाची ओळख शिकवतात काय? किती जणींमागे एक यंत्र आहे? आणि मागील वर्षी शिकलेल्या भगिनी आज काय करीत आहेत? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, तर फी निःशंक भरावी.

शेवटचा प्रश्न मात्र वर्गाला विचारायचा नाही. तो आपण आपल्या घराला विचारायचा आहे. संध्याकाळी सात ते नऊ हे दोन तास तिला कोण मोकळे करून देणार? भात सासूबाई लावतील काय? मुलांचे पाढे वडील घेतील काय? तिच्या ताटावर झाकण ठेवून घर तिची वाट पाहील काय? अनेक वर्ग शिक्षिकेविना ओस पडत नाहीत. ते दुसऱ्या महिन्यात ओस पडतात, कारण घराने आपला बेत बदललेला नसतो.

वाचकहो, कापडाचा बेत ती शिकून येईल. त्या दोन तासांचा बेत आपण सर्वांनी मिळून करावयाचा आहे, आणि त्यात थोडी माया राखून ठेवावयाची आहे.