फुकटच्या नकाशाचा शिधा

नर्मदेच्या उत्तर तीरावर, हंडियासमोर वसलेलं नेमावर परिक्रमेच्या वाटेवर येतं. अशा वाटेवर नेटवर्क नसतानाही दिशा दाखवणारी ‘ऑरगॅनिक मॅप्स’, ‘ऑसमअँड’ ही ॲप मुक्त स्रोत आहेत. त्यांचे नकाशे ‘ओपनस्ट्रीटमॅप’मध्ये स्वयंसेवकांनी भरलेल्या माहितीवर चालतात. सदावर्तात जेवण फुकट मिळतं, पण शिधा कुणीतरी भरतोच. इथे तो शिधा म्हणजे सर्व्हरचं भाडं आणि प्रोग्रामरचा वेळ.

तो भरण्याच्या वाटा तीन. पहिली, थेट देणगी: ऑरगॅनिक मॅप्स जाहिराती दाखवत नाही, देणग्यांवर चालतं. दुसरी, सशुल्क आवृत्ती: ऑसमअँडची मिळते. तिसरी, सेवा विकत घेणं: मुंबईच्या ‘फ्रापे’ कंपनीचं ‘ईआरपीनेक्स्ट’ हे उद्योगांचा कारभार सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअर फुकट वापरता येतं, त्याच कंपनीचं होस्टिंग घेतलं की पैसा ते घडवणाऱ्यांपर्यंत पोचतो. कंपन्यांनीही हातभार लावावा: शेअर दलाली कंपनी ‘झेरोधा’ने २०२४ मध्ये मुक्त स्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला.

पैसे पाठवताना प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरचाच दुवा वापरा. हिशेबही पाहा, ‘ओपन कलेक्टिव्ह’ या देणग्यांच्या मंचावर प्रकल्पाचा जमाखर्च सर्वांना दिसतो. कारभाराच्या पारदर्शकतेवरून वाद होऊनच २०२५ मध्ये ऑरगॅनिक मॅप्समधून ‘कोमॅप्स’ वेगळं निघालं. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी दिलीत, तर विकासकाला पुढचं काम आखता येतं.