देऊळ सुटलं, नदी अडकली

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराभोवती होऊ घातलेल्या कॉरिडॉरवरून पुन्हा वातावरण तापलंय. किती वाडे पडणार, किती दुकानं उठणार, भरपाई किती मिळणार. सोलापुरात बसून हे वाचताना राग येतो तो एकाच गोष्टीचा: चंद्रभागेची, म्हणजे इथल्या भीमेची, बाजू कुणी मांडतच नाही.

गाव जुनं. मंदिराच्या सोळखांबी मंडपातला होयसळ राजा सोमेश्वराचा शिलालेख १२३७चा. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून इथलाच. राजेरजवाड्यांच्या त्या शतकांत माझं मन रमत नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजी दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषणाला बसले आणि विठ्ठलाचं दार उघडलं. माझं पंढरपूर तिथून सुरू होतं.

पण डोळ्यांदेखत बदललेलं पंढरपूर २०१० नंतरचं. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंदिरातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले. त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींचे पुजारी नेमले, स्त्रियाही नेमल्या. गुरुजींचं अर्धं राहिलेलं काम पुढे सरकलं, याचा आनंद आजही आहे.

त्याच काळात नदीची मात्र दैना झाली. रात्री टिपर पात्रात उतरायचे आणि वाळू जायची. कारवाईची बातमी यायची, पुन्हा टिपर उतरायचे. उपशाने पडलेल्या खड्ड्यांत स्नानाला आलेले भाविक बुडाले. वाळू चोरणाऱ्यांना आणि त्यांच्याकडे काणाडोळा करणाऱ्यांना मी माफ करणार नाही. वारीनंतर नदीच्या वाळवंटातला मैला माणसांना हाताने उचलावा लागायचा. उच्च न्यायालयाने तिथल्या राहुट्या बंद केल्या ते योग्यच झालं. दिंड्या ‘६५ एकर’ या नव्या तळावर गेल्या. तरीही वाळूत रात्रभर चालणाऱ्या त्या मुक्कामी भजनांची सर नव्या तळाला आली नाही, याची हळहळ वाटते.

२०१६ मध्ये नदी स्वच्छ करण्यासाठी ‘नमामि चंद्रभागा’ची घोषणा झाली. पण पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत उतरतच राहिलं. पावसाळा सरला की पंढरपूरच्या पात्रात पाणी दिसतं ते उजनीतून सोडलं तरच. सोलापूरला पिण्यासाठी औज बंधाऱ्याकडे निघालेलं पाणीही इथूनच जात आलंय. नदीकाठच्या कामांचीही तीच गत: ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत पंढरपूरच्या कुंभार घाटावर नव्याने बांधलेली भिंत कोसळली, सहा माणसं गेली.

आता कॉरिडॉरसाठी कोट्यवधींचे आकडे ऐकू येतात. त्यातला पहिला रुपया पुण्या-पिंपरीच्या मैलापाणी शुद्धीकरणावर खर्च व्हावा, आणि पंढरपूरजवळचा वाळूउपसा थांबल्याशिवाय एकाही वाड्याला हात लागू नये.