आगोटीची बेगमी आणि हवाबंद बाटली

वैशाख सरत आला की कोकणातील घराघरांत आगोटीची लगबग सुरू होते. अंगणात आंबोशी आणि आमसुले वाळत असतात, पाटावर आंब्याफणसाची साठे पसरलेली असतात, सुकट-बोंबील उन्हे देऊन डब्यांत भरले जातात. कैऱ्या आणि फणसाचे गरे खारात पडतात, कांद्याच्या माळा आढ्याला टांगल्या जातात. मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी चार महिन्यांचे सारे जिन्नस घरात आलेच पाहिजेत, हा या प्रदेशाचा जुना शिरस्ता. ओढ्याला पाणी आले की वाडी आणि बाजार यांचा संबंध तुटत असे. त्या अनुभवातून तो घडला.

आता रस्ते झाले, दुकाने गावात आली, तेव्हा बेगमीची गरज उरली नाही असे म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले तेव्हा घरांबरोबर दुकानेही बुडाली. अशा वेळी मदत पोहोचेपर्यंत कुटुंबाला आधार असतो तो घरातल्या साठ्याचा. तोही तळमजल्यावर नव्हे, माळ्यावर ठेवला असेल तर! पूररेषेजवळच्या गावांत बेगमीची जागा उंचावर असावी, हे ग्रामपंचायतींनी आवर्जून सांगण्यासारखे आहे.

मोठ्या कुटुंबात अंदाज चुकणे महागात पडते. दहा माणसांच्या घरात माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरले तर १२० दिवसांना ४८० किलो, म्हणजे जवळजवळ पाच क्विंटल धान्य लागते. मुले लहान असतील तर हा आकडा खाली येईल, पैपाहुणा धरला तर वर जाईल. धान्याचा हिशेब बहुतेक घरांत असतो. नसतो तो फळांचा आणि भाज्यांचा. मे महिन्यात आंबे पायदळी तुडवले जातात आणि ऑगस्टमध्ये मुलांच्या ताटात फळाची फोडही नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी वाळवणे आणि खारवणे यांच्या जोडीला बाटलीबंद करण्याची विद्या शिकण्याजोगी आहे.

ही विद्या फार जुनी नाही. निकोलस अॅपर्ट या फ्रेंच हलवायाने बंद बाटलीतील अन्न उकळून टिकविण्याची रीत १८१० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. अन्न का टिकते, हे त्याला ठाऊक नव्हते. ते कोडे सुमारे अर्ध्या शतकाने पाश्चरच्या सूक्ष्मजंतूंवरील संशोधनाने उलगडले. जंतूंना पाणी, ऊब आणि सोयीचे खाद्य मिळाले की ते वाढतात. आपल्या घरातील सारे प्रकार यांपैकी एखादी गोष्ट काढून घेण्याचे आहेत. साठातले पाणी उन्हाने जाते, मुरंब्यातले साखर बांधून ठेवते, लोणच्यात किलोभर फोडींना सुमारे दीडशे ग्रॅम मीठ आणि वर तेलाचा थर लागतो. हात आखडून मीठ घातलेले लोणचे श्रावणापर्यंतही तग धरत नाही.

आंबट आणि अळणी

बाटलीच्या बाबतीत मात्र एक भेद जिवाशी गाठ घालणारा आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू मातीत सर्वत्र असतात. उकळत्या पाण्यात ते मरत नाहीत. त्यांना दाबाखालील वाफेची सुमारे १२१ अंश सेल्सिअसची उष्णता लागते. हवा नसलेल्या बाटलीत ते रुजतात आणि अत्यंत जहाल विष तयार करतात. पदार्थाला वास येईलच, झाकण फुगेलच, असे नाही. मात्र ४.६ पेक्षा कमी सामू असलेल्या, म्हणजे पुरेशा आंबट पदार्थात त्यांची वाढ होत नाही. म्हणून आंबट फळांचे रस घरी बाटलीत भरावेत; मटार, घेवडा, भेंडी, मासे, मटण कदापि भरू नयेत. ते वाळवावेत किंवा खारवावेत. घरचा प्रेशर कुकरही १२० अंशांच्या आसपास तापतो, मग त्यात बाटली ठेवली तर काय बिघडले, असा प्रश्न प्रशिक्षणवर्गात हमखास निघतो. तो कुकर स्वयंपाकासाठी घडविलेला आहे. बाटलीतल्या पदार्थाचा मधला भाग किती तापला आणि किती वेळ, हे त्याच्या शिट्ट्यांवरून कळत नाही.

पिकलेला हापूस चवीला गोड, आणि त्याचा सामू या मर्यादेच्या अगदी जवळ येतो. त्यामुळे रसात लिंबाचे सत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, किलोमागे ५ ग्रॅम घालणे ही चवीची नव्हे, सुरक्षिततेची बाब आहे. रस गाळून, ते मिसळून, सुमारे ८५ अंशांपर्यंत तापवावा. घट्ट रस तापताना उडतो आणि हात भाजतो, म्हणून डाव लांब दांड्याचा घ्यावा व मुलांना चुलीपासून दूर ठेवावे. उकळून गरम ठेवलेल्या बाटल्यांत तो गरमच, वर बोटभर जागा सोडून भरावा आणि नवीन झाकण बसवावे. जुनी झाकणे वापरण्यातली काटकसर खोटी. पातेल्याच्या तळाशी फडके घालून बाटल्या पाण्यात पूर्ण बुडवाव्यात व पाणी उकळू लागल्यापासून अर्धा तास ठेवाव्यात. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळते, तेथे वेळ वाढवावी लागते. गरम बाटली थंड फरशीवर ठेवली की तडकते.

चार महिने आठवड्याला एक लिटर रस हवा असेल तर सोळा-सतरा बाटल्या होतात. आंब्यातून निम्म्याच्या आसपास रस निघतो असे धरले, तर तीस-पस्तीस किलो आंबे लागतील. एकट्या बाईच्या आवाक्यातले हे काम नव्हे. मोठे कुटुंब येथे अडचण न ठरता सोय ठरते: एकाने आंबे धुवावेत, दोघांनी पिळावेत, शाळकरी मुलाने चिठ्ठीवर पदार्थ आणि तारीख लिहून ती बाटलीला डकवावी. प्रत्यक्षात पुरुषमंडळी ओसरीवरून सूचनाच देतात, ही गोष्ट वेगळी.

शिकण्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांकडे फळप्रक्रियेचे वर्ग मागता येतात. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आंबा, काजू, कोकम यांवर दीर्घकाळ काम केले आहे. बचतगटाने वर्ग मागताना दोन गोष्टी नक्की कराव्यात: तापमापक हाताळायला मिळाला पाहिजे आणि प्रत्येकीने निदान एक बाटली स्वतः भरली पाहिजे. नुसते पाहून हा हात बसत नाही. बाटल्या विकायच्या असतील तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते.

उघडताना फसफसलेली, झिरपलेली किंवा झाकण फुगलेली बाटली चाखून पाहू नये. गुरांनाही घालू नये, खोल पुरावी. आणि असे काही पोटात गेल्यावर एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर घरगुती उपचारात वेळ न दवडता रोग्यास रुग्णालयात न्यावे आणि ती बाटली डॉक्टरांना दाखविण्यासाठी बरोबर घ्यावी.