झेरॉक्स स्वतःलाच का चावत होता?

आमच्या कॉलेजच्या मागच्या गेटला एक झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर झोपतो म्हणून तो झेरॉक्स. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. सबमिशनच्या दिवसांत आमच्याबरोबर तोही रांगेत असतो. गेल्या सप्टेंबरमध्ये अशाच एका रांगेत त्याच्याकडे लक्ष गेलं. मान पूर्ण मागे वळवून तो शेपटीच्या बुडाशी दातांनी कुरतडत होता. मक्याच्या कणसाचे दाणे आपण पुढच्या दातांनी काढतो ना, अगदी तसं. आमच्या प्रिंट झाल्या, चहा झाला, तरी त्याचं चालूच. जवळ जाऊन पाहिलं तर तळहाताएवढ्या भागातले केस गेलेले, कातडी लालबुंद आणि एका जागी रक्त.

मग सल्ल्यांचा पाऊस. एक मैत्रीण म्हणाली, ‘लूत लागलीये, हात लावू नकोस.’ दुसरा म्हणाला, ‘बोअर झालाय रे, अटेन्शन पाहिजे त्याला.’ शेजारच्या गॅरेजवाल्या दादांनी तर डबाच पुढे केला, ‘गाडीचं काळं ऑइल लावा, दोन दिवसांत साफ.’ आम्ही ऑइलला नाही म्हटलं, कारण आम्ही शिकलेले! आणि मग आम्ही शिकलेल्यांनी काय केलं, तर होस्टेलवर सगळ्या खाजेवर चालणारी एक ट्यूब मेडिकलमधून आणली आणि ती चोळली.

दोन दिवस कमाल. झेरॉक्स शांत, आम्ही खूश. तिसऱ्या आठवड्यात लाल डाग दुप्पट झाला, त्यात पू दिसायला लागला आणि तो पोळीकडेही बघेना. तेव्हा कुठे तिघांनी दोनदोनशे रुपये काढले, त्याला कसाबसा रिक्षात घातला आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला.

डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, ‘काय लावलंत याला?’ ट्यूबचं नाव सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. खाजेच्या अशा बऱ्याच ट्यूबमध्ये जोरदार स्टेरॉइड असतं. त्यामुळे खाज दबते, म्हणून बरं वाटतं. पण कारण तसंच राहतं, त्या जागेची प्रतिकारशक्ती कमी होते आणि इन्फेक्शनला रान मोकळं मिळतं. शिवाय कुत्र्याला लावलेली गोष्ट कातडीवर फार वेळ राहतच नाही, तो ती चाटतो आणि सगळी पोटात जाते. हे एक वाक्य डोक्यात ठेवलं असतं, तर आमचे तीन आठवडे वाचले असते.

दुसरा प्रश्न होता, ‘नेमका कुठे चावतो?’ आम्ही म्हटलं, ‘असंच, मागे.’ त्या म्हणाल्या, ‘असंच नाही, नीट आठवून सांगा.’ कारण जागेवरून निम्मं निदान होतं. शेपटीचं बूड आणि मांड्यांची मागची बाजू असेल, तर पहिला संशय पिसवांवर. पंजे, काखा, पोट आणि तोंडाभोवतीचा भाग असेल, तर अ‍ॅलर्जीवर. कानांच्या कडा आणि कोपरं खाजवून खाजवून जाड झाली असतील, तर खरजेच्या किड्यांवर. पुढच्या पायाची एकच जागा सतत चाटत असेल, तर ते आणखी वेगळंच प्रकरण. शेपटीखाली त्रास असेल आणि कुत्रा जमिनीवर बूड घासत चालत असेल, तर तिथल्या ग्रंथी तुंबलेल्या असू शकतात.

मग त्यांनी उवा काढायच्या फणीसारखी बारीक दातांची फणी झेरॉक्सच्या पाठीवरून फिरवली. पिसू एकही मिळाली नाही, मिळाली काळी कणी. मातीच वाटली आम्हाला. ती त्यांनी ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवली आणि दोन मिनिटांत कापूस तांबडा झाला. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पचलेलं रक्त, झेरॉक्सचंच. पिसू दिसत नाही म्हणून पिसवा नाहीत असं होत नाही, कारण चावत बसलेला कुत्रा त्या खाऊनही टाकतो. पिसवा गिळल्याने पोटात एक प्रकारचे चपटे जंत होतात. कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखं काही चिकटलेलं दिसलं, तर ते हेच. म्हणून पिसवांच्या औषधाबरोबर जंताचंही औषध द्यावं लागतं.

झेरॉक्सला झाली होती पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी. कुत्र्यांच्या खाजेचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. अशा कुत्र्याच्या अंगावर पिसवांचा बुजबुजाट असावा लागत नाही, मोजक्या चाव्यांनीही अंग पेटतं. आपल्याला एक डास चावला तर आपण किती चिडतो! ती खाज आठवडाभर थांबलीच नाही आणि खाजवायला हात नाहीत, अशी कल्पना करून बघा. मग दातच वापरले जातात.

औषध सुरू झालं. इन्फेक्शनसाठी गोळ्या, जखम धुवायला औषधी शाम्पू आणि पिसवांसाठी महिनाभर काम करणारी चघळायची गोळी. (त्या जातीच्या काही गोळ्यांनी क्वचित फिट्स येऊ शकतात. तुमच्या कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.) आम्हाला वाटलं, झालं काम. पण दहा दिवसांनी खाज परत आली.

याचं उत्तर दुकानाच्या जिन्याखाली होतं. झेरॉक्स रात्री तिथे गोणपाटावर आणि कागदाच्या रिकाम्या खोक्यांवर झोपतो. पिसू कुत्र्यावर अंडी घालते, पण ती गुळगुळीत असल्याने घरंगळून खाली पडतात. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालू शकते. त्यातून अळ्या निघतात, त्या फटीत, धुळीत शिरतात आणि कोश करून बसतात. कोशातली पिसू कित्येक आठवडे, कधी कधी महिनेही थांबू शकते. वरून पावलांची थरथर आणि अंगाची ऊब जाणवली की ती बाहेर येते. सुट्टीनंतर बंद खोली उघडल्यावर घोट्यांना चावे येतात ना, ते यामुळेच. एका वेळी कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या साधारण 5 टक्केच, बाकीची फौज अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात आजूबाजूला असते. म्हणजे आम्ही 5 टक्क्यांवर उपचार करत होतो.

मग एका रविवारी दुकानवाल्या काकांना पटवलं. त्यांचा आधी ठाम विरोध होता, ‘कुत्र्यासाठी दुकान बंद करू का आता?’ पण त्यांच्या पायांवरचे लाल ठिपके आम्ही त्यांना दाखवले, तेव्हा तेच केरसुणी घेऊन आले. खोकी रद्दीत गेली, गोणपाट जाळलं, फटी झाडून-खरवडून काढल्या, जिन्याखाली गरम पाणी ओतलं. झेरॉक्सला एक जुनी चादर दिली, ती दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायची पाळी लावली. गोळी दर महिन्याला, न चुकता, तीन महिने, कारण कोशातली शेवटची पिसू बाहेर येईपर्यंत थांबावं लागतं. हे काम बोअर आहे, पण फरक यानेच पडला.

आता घरातल्या कुत्र्यांबद्दल. माझ्या एका मैत्रिणीचा लॅब्राडोर दिवसभर पंजे चाटतो. पंजांचे फिकट केस लाळेने तांबूस झालेत आणि पायाला कुबट वास येतो. पिसवा नाहीत, घर चकाचक. ही बहुतेक वेळा वातावरणातली अ‍ॅलर्जी असते. धुळीतले सूक्ष्म कीटक, परागकण, बुरशी अशा गोष्टी आपल्याला शिंका देतात आणि कुत्र्याला खाज. साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात ती सुरू होते आणि लॅब, गोल्डन रिट्रीव्हर, पग या मंडळींमध्ये जास्त दिसते. ती मुळापासून जात नाही, आटोक्यात ठेवावी लागते. बाहेरून आल्यावर ओल्या फडक्याने पंजे पुसणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, डॉक्टरांनी दिलेला शाम्पू दहा मिनिटं अंगावर ठेवून मगच धुणं, याने बराच आराम पडतो. आपला शाम्पू मात्र नको. कुत्र्याची त्वचा आपल्यापेक्षा पातळ असते आणि तिचा आम्लपणाही वेगळा असतो.

जेवणाची अ‍ॅलर्जीही असते, पण तिथे घरोघरी एकच घोळ होतो. या आठवड्यात चिकन बंद, पुढच्या आठवड्यात अंडं बंद, मग महागडं खाणं, मग परत चिकन. यातून काहीच कळत नाही. डॉक्टर सांगतात ती पद्धत म्हणजे कुत्र्याने पूर्वी न खाल्लेलं एकच प्रथिन, किमान आठ आठवडे, आणि दुसरं काहीही नाही. रक्ताच्या तपासणीवर यात फारसं विसंबता येत नाही. मैत्रिणीच्या घरी सहावा आठवडा चालू होता आणि आजी रोज चहाबरोबर त्याला ग्लुकोजचं बिस्किट देत होत्या. पकडल्यावर म्हणाल्या, ‘अगं, एकच तर देते. बघत बसतो बिचारा.’ परत पहिला आठवडा!

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. दाट केसांचा कुत्रा भिजतो, केस आतून ओले राहतात आणि तो एक जागा चावायला लागतो. काही तासांत तिथे ओलसर, चिकट, दुखरी जखम तयार होते. सकाळी नाण्याएवढी असलेली संध्याकाळी बशीएवढी होऊ शकते. तिथे थांबून बघू वगैरे चालत नाही, आजूबाजूचे केस कापून ती साफ करून घ्यावी लागते.

आणि ‘बोअर झालाय’ हे खोटं नाही. दिवसभर फ्लॅटमध्ये एकटा राहणारा कुत्रा पुढचा पाय चाटून चाटून तिथे जाड, केस नसलेला गोळा करतो. पण माझं मत विचाराल, तर हे निदान सगळ्यात शेवटी करावं. कारण त्याच जागी सांधा दुखत असू शकतो, आत इन्फेक्शन असू शकतं. आपण त्याला हट्टी ठरवून ओरडत बसतो आणि तो बिचारा दुखणं चाटत असतो. बाकी सगळं तपासून झालं की मग फिरणं वाढवा, वास घेत शोधायचा खाऊ द्या, एकटेपणाचे तास कमी करा.

काय करू नये, याबाबत मात्र मला लांबण लावायची आहे. काळ्या ऑइलने कातडी भाजते आणि ते चाटून पोटात जातं. रॉकेल, फिनाईल, टी ट्री ऑइल यांचंही तेच. ‘नॅचरल आहे’ हे कारण चालणार नाही. आपल्या घरातली आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात अल्सर करते, किडनी निकामी करू शकते. सर्दीच्या गोळीत खाजेचं औषध असतं म्हणून ती देणारेही मी पाहिलेत, पण त्याच गोळीत नाक मोकळं करणारं औषध असतं आणि ते कुत्र्याला घातक ठरतं. इंजेक्शन आणून मित्राच्या हाताने टोचणं तर नकोच, आयव्हरमेक्टिनचा डोस चुकला तर कुत्रा कोमात जाऊ शकतो. आणि त्याच जिन्यात मांजर असेल, तर कुत्र्याच्या मानेवर टाकायचे पर्मेथ्रिनचे थेंब तिच्या आसपासही नकोत, तिच्यासाठी ते विष आहे.

पैशांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने असतात, तिथे विचारा. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांचे स्वतःचे दवाखाने असतात. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतंच. आणि वर्गणी काढायला लाजू नका, आपण वाढदिवसाच्या केकला काढतोच.

एक मात्र सांभाळा. दुखणारा कुत्रा ओळखीचा असला तरी चावू शकतो. आम्ही रिक्षात घालताना झेरॉक्सने एकदा दात दाखवले, आमचंच चुकलं होतं, जखमेवर हात पडला होता. दात किंवा नख लागलंच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जायचं. ‘तो आपलाच आहे’ म्हणून टाळायचं नाही.

झेरॉक्सला कोन घातला नाही. घरातल्या कुत्र्याला जखम भरेपर्यंत तो घालावाच, पण रस्त्यावरच्याला तो घालून सोडलं, तर गाडी बाजूने आलेली दिसणार कशी? त्याऐवजी पहिले दहा दिवस दुकानवाल्या काकांनी त्याला दुपारी आत मशीनजवळ बसवून घेतलं. मशीन गरम असतं, तो तिथे झोपायचा. आता तिसरी गोळी झाली. शेपटीच्या बुडाशी केस आलेत, जरा वेगळ्याच रंगाचे, गडद. परवा रांगेत असताना त्याने अचानक मान मागे वळवली. आम्ही पाचही जण गप्प होऊन बघत राहिलो. काका मशीनमागून म्हणाले, ‘अरे, मी ब्रेड काढलाय, तो बघतोय तो.’