जन्माचं वजन आणि हृदयाची लय

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण केंद्र शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला आहे. याच रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांच्या आरोग्याची नोंद थेट गरोदरपणाच्या आधीपासून ठेवली. तिथली पूर्ण दिवसांची बाळं सरासरी 2.7 किलोची भरली, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. पण खवाट्याखालची चरबी चिमट्याने मोजली, तेव्हा ती इथल्या बाळांत त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी पडले होते ते स्नायू. अशा बांध्यातून पुढे मधुमेहाची आणि रक्तदाबाची वाट निघते आणि हे दोन्ही आजार ‘एट्रियल फिब्रिलेशन’ला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याला, खतपाणी घालतात. मग बाळाचं वजन वाढवलं की झालं, असं वाटू लागतं. माझ्या मते इथेच फसगत होते.

युरोपीय वंशाच्या लाखो लोकांच्या जनुकांचा अभ्यास वेगळंच सांगतो. जन्मवजन वाढवणारी जनुकं ज्यांच्यात अधिक, त्यांना एट्रियल फिब्रिलेशनचा धोकाही थोडा अधिक. उंच, धिप्पाड शरीराचं हृदयही मोठं असतं, हे त्याचं एक संभाव्य कारण. जनुकांची वाटणी घरची परिस्थिती पाहून होत नाही, म्हणून हा पुरावा सहज झटकता येत नाही. प्रत्यक्ष वजनांच्या नोंदींत मात्र कुठे कमी वजन धोक्याचं दिसलं, कुठे जास्त. वजन हा एकच आकडा. त्यामागच्या वाटा अनेक.

सगळं जनुकांतच असेल, तर आईच्या आहाराला काय अर्थ, असं कुणी विचारेल. जनुकं धोक्याचा एक भागच ठरवतात. याज्ञिकांच्या अभ्यासात ज्या आयांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्शुलिनला कमी दाद देत होतं. दुसरा आक्षेप असा, की युरोपचे निष्कर्ष शिरूर-दौंडला कसे लावायचे? जसेच्या तसे लावू नयेतच. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपांमुळेही लय बिघडते.

म्हणून अंगणवाडीच्या काट्यावर थांबू नये. मुलींचं पोषण लग्नाआधीच सुधारावं आणि चाळिशीनंतर रक्तदाब, साखर नियमित तपासावी. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला बोटं ठेवून नाडी पाहावी. ठोके वेडेवाकडे, कसलाच मेळ नसलेले लागले, तर ईसीजी काढून घ्यावा. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो आणि वेळेत कळलं तर औषधांनी तो बराच टाळता येतो.