नावावरून जागा : संगणकातील वर्गीकरण

सहा आकडी पिनकोड आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. एकाच नावाची अनेक गावे आणि नाना लिप्यांत लिहिलेले पत्ते यांमुळे होणारा गोंधळ अंकांनी दूर केला. धारवाडचा पिनकोड ५८०००१, तर हुबळीचा ५८००२०. यातील पहिले तीन अंक वर्गीकरणाचा जिल्हा दाखवितात. बाहेरगावी पत्रांची विभागणी करणाऱ्याने ५८० एवढे वाचले तरी पत्र योग्य कप्प्यात पडते; उरलेला पत्ता त्याला वाचावा लागत नाही.

संगणकातील फाइलींचे वर्गीकरण याच तत्त्वावर चालते. माजी विद्यार्थ्यांनी पाठविलेली शेकडो जुनी छायाचित्रे शाळेच्या संगणकात एकाच ठिकाणी साठली आहेत, अशी कल्पना करावी. एकेक फाइल हाताने हलविणे जिकिरीचे, आणि त्यात चुकाही संभवतात. येथे शेल उपयोगी पडते. युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आकारास येऊ लागली. माणसाने टंकलिखित केलेली आज्ञा वाचून ती संगणकाकडून करवून घेणारा तिच्यातील दुभाष्या म्हणजे शेल. अशा आज्ञांची क्रमवार यादी एका फाइलीत लिहून ठेवली की तिला शेल स्क्रिप्ट म्हणतात.

छायाचित्राचे नाव ‘१९६५-संमेलन-०१’ असे आहे, असे समजू. स्क्रिप्ट प्रत्येक फाइल क्रमाने हाती घेते, नावातील पहिल्या जोडरेघेपूर्वीचा भाग, म्हणजे १९६५, वेगळा काढते, त्या नावाचा कप्पा नसल्यास तयार करते आणि फाइल त्यात हलविते. अवघ्या पाच-सहा ओळींचे हे काम आहे. ज्या नावांत जोडरेघच नाही, ती मात्र आधी बाजूला काढावीत. त्यांचा निर्णय माणसानेच करावयाचा असतो.

यंत्र विचारीत नाही, सांगितले तेवढेच करते. म्हणून तीन पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. पहिले पथ्य असे की, आधी सर्व फाइलींची दुसरी प्रत करावी, आणि स्क्रिप्ट कोणती फाइल कोठे नेणार आहे याची केवळ यादी पडद्यावर उमटवून ती तपासावी. दुसरे, नावांत मोकळी जागा असू शकते; स्क्रिप्टमध्ये नाव अवतरणचिन्हांत न घातल्यास शेल एका नावाची दोन नावे समजते. तिसरे सर्वांत महत्त्वाचे. फाइल हलविणारी ‘एमव्ही’ ही आज्ञा, कप्प्यात त्याच नावाची फाइल आधीच असल्यास, बहुधा न विचारता तिच्या जागी नवी फाइल ठेवते. दोघांनी पाठविलेल्या निरनिराळ्या छायाचित्रांना एकच नाव असेल, तर त्यांतील एक कायमचे नाहीसे होईल, आणि ते गेल्याचे कोणाला कळणारही नाही. आज्ञेला ‘एन’ हा पर्याय जोडल्यास दुसरी फाइल जागच्या जागी राहते व अनर्थ टळतो.

तरीही खरा प्रश्न स्क्रिप्टचा नसून नामकरणाचा आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून आपल्या शहराचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी झाले. गावाच्या नावाने वर्गवारी केल्यास ‘हुबळी’ आणि ‘हुब्बळ्ळी’ असे दोन कप्पे होतील, कारण यंत्राच्या लेखी ती दोन गावे आहेत. पिनकोडातील ५८० मात्र बदलले नाही. म्हणून नावाच्या आरंभी चार आकडी वर्ष घालावे, त्यापुढे महिना व दिवस दोन-दोन अंकांत लिहावेत, आणि अनुक्रमांक ०१, ०२ असे द्यावेत. अन्यथा १० हा २ च्या आधी येऊन बसतो.

संग्रह करणाऱ्यांनी एवढा नियम आरंभीच ठरवून तो सर्वांना कळविला, तर पन्नास वर्षांनी येणाऱ्या विद्यार्थ्यालाही हवे ते छायाचित्र कोणास न विचारता सापडेल.